कुलवृत्तान्तांतील छायाचित्रें, मृत्युलेख व कात्रणें

कुलवृत्तान्त प्रसिद्ध करण्याची प्रथा महाराष्ट्रांत आतां चांगलीच रुजली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोंकणस्थ घराण्यांनीं तिला चालना दिली. पुढें इतर ज्ञातींतील घराण्यांनींहि आपापले वृत्तान्त छापले, आणि आजहि असे ग्रंथ निघत असतात. त्यांची मांडणी बहुधा ठरलेली असते. गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गांव, उपनामाची उपपत्ति, वंशवेल व शेवटीं कर्त्या पुरुषांचीं अल्पचरित्रें असा तो क्रम होय. अलीकडच्या ग्रंथांत या क्रमास एक जोड मिळाली आहे. घरोघरच्या पेट्यांतून निघालेलीं जुनीं छायाचित्रें, वर्तमानपत्रांतील मृत्युलेख आणि इतर कात्रणें यांस ग्रंथाचा बराच भाग दिलेला असतो. वंशवेलीची चिकित्सा या विषयाच्या अभ्यासकांनीं वेळोवेळीं केली आहे. या नव्या भागाकडे मात्र टीकाकाराच्या दृष्टीनें फारसें कोणीं पाहिलेलें नाहीं. तें काम येथें करण्याचा आमचा हेतु आहे. कोणा एका घराण्याच्या ग्रंथास नांवें ठेवावयाचीं नसल्यामुळें आम्ही ग्रंथांचा नामनिर्देश करीत नाहीं. दोष एकाचा नाहीं, पद्धतीचा आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हीं तिन्ही साधनें आहेत, आणि कुलवृत्तान्तकार त्यांस अलंकार समजतो. वंशवेलींतील एखादी पिढी संशयित वाटली तर तो दहा ठिकाणीं पत्रें घालून चौकशी करील, तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहील, इनामाचे कागद काढवील. पण छायाचित्राखालीं नांव घालतांना घरांतील एखाद्या माणसाचा शब्द त्यास पुरेसा होतो. मृत्युलेख तर तो मिळाला तसा, व पुष्कळदां अर्धाच, छापून मोकळा होतो. वि. का. राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला; त्यांत १७५० ते १७६१ पर्यंतचीं पत्रें आहेत. अस्सल कोणतें, नक्कल कोणती, लिहिणारा कोण, तारीख कशी ठरवावी, हे प्रश्न विचारल्यावांचून पत्राचा उपयोग करूं नये, हा दंडक राजवाडे व त्यांच्या मागून आलेल्या संशोधकांमुळें आपल्याकडे सर्वमान्य झाला. पेशवाईंतील कागदास लावलेला हा दंडक आजोबांच्या छायाचित्रास लावण्यास काय प्रत्यवाय आहे, हें आम्हांस समजत नाहीं.

प्रथम छायाचित्रें घेऊं. ही कला युरोपांत १८३९ सालीं जाहीर झाली व मुंबईंत ती लौकरच आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, एल्फिन्स्टन विद्यालयांत १८५५ सालीं या कलेचा वर्ग निघाला, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे त्या काळांतील नांवाजलेले छायाचित्रकार होत. परंतु सामान्य गृहस्थाच्या घरांत छायाचित्र शिरलें तें पुठ्ठ्यावर डकविलेल्या लहान छापाच्या रूपानें. सुमारें अडीच इंच रुंद व चार इंच उंच असा पुठ्ठ्याचा नमुना पॅरिसच्या दिस्देरी यानें १८५४ सालीं आपल्या नांवें नोंदविला. त्याहून मोठा, सुमारें सवाचार इंच रुंद व साडेसहा इंच उंच असा ‘कॅबिनेट’ नमुना १८६६ च्या सुमारास प्रचारांत आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील बहुतेक छाप अंड्यांतील पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर असत, व ते काळानें पिंवळट पडत. पुढें जिलेटिनचा थर दिलेला कागद आला. तेव्हां छापाचा आकार, कागदाची जात, पुठ्ठ्याची जाडी, त्यावरील चित्रशाळेचें नांव व गांव हीं सर्व काळ ठरविण्याचीं गमकें आहेत. उदाहरणार्थ, राजा दीनदयाळ यांची मुंबईची चित्रशाळा १८९६ सालीं उघडली. तिचें नांव ज्या पुठ्ठ्यावर आहे तो पुठ्ठा त्यापूर्वींचा असूं शकत नाहीं. मात्र जुन्या चित्रावरून मागाहून नवा छाप काढून तो नव्या पुठ्ठ्यावर डकविण्याची चाल होती, म्हणून पुठ्ठ्यावरून पुठ्ठ्याचाच काळ ठरतो. चित्रांतील माणसाचा काळ ठरविण्यास आणखी पुरावा लागतो. एवढें तारतम्य पाळल्यास छायाचित्र पुष्कळ बोलतें.

आतां कुलवृत्तान्तांत काय होतें तें पाहा. चित्र पानांत बसावें म्हणून पुठ्ठा कापला जातो. त्यासरशी चित्रशाळेचें नांव जातें. पाठीमागचा मजकूर तर कोणीं वाचलेलाहि नसतो. समूहचित्रांतून एका कर्त्या पुरुषाचा चेहरा वेगळा काढून तो लंबवर्तुळांत बसविला जातो. त्याच्या शेजारीं कोण उभें होतें, खुर्ची कोणास मिळाली, जमिनीवर कोण बसलें, सुना कोठें होत्या, विधवा बहीण चित्रांत घेतली होती कीं नव्हती, हें सर्व त्या कात्रीखालीं नाहींसें होतें. वंशवेल पुरुषांची असल्यामुळें स्त्रिया तींत आल्याच तर कोणाची तरी पत्नी म्हणून येतात, आणि परघरीं दिलेल्या मुली तर बहुधा वगळल्याच जातात. समूहचित्रांत त्या प्रत्यक्ष असतात. म्हणजे जें साधन वंशवेलीची उणीव भरून काढूं शकलें असतें, तेंच वंशवेलीच्या मापानें छाटलें जातें. हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

चित्र व चित्राखालचा मजकूर हीं दोन निरनिराळीं साधनें आहेत, हें एका सुप्रसिद्ध उदाहरणावरून दाखवितां येईल. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत असतांना घेतलेलें एक चित्र सर्वत्र छापलें जातें. त्यांत त्यांच्यासमवेत जपानच्या केई ओकामी व दमास्कसच्या साबात इस्लांबुली या आपापल्या देशाच्या पेहरावांत आहेत. चित्राची तारीख १० ऑक्टोबर १८८५ अशी दिली जाते. प्रचलित प्रतीवर खालीं तिघींचीं नांवें असून प्रत्येकीच्या नांवाआधीं ‘डॉक्टर’ ही पदवी आहे. परंतु आनंदीबाईंस पदवी मिळाली ती ११ मार्च १८८६ रोजीं. ओकामी यांस ती १८८९ सालीं व इस्लांबुली यांस १८९० सालीं मिळाली. तेव्हां चित्राची तारीख खरी धरल्यास नांवांचा मजकूर मागाहून घातलेला असावा, असें अनुमान निघतें. तिघींस पदव्या मिळाल्यानंतर तो घातला असेल तर त्या वेळीं आनंदीबाई हयातहि नव्हत्या, कारण त्यांचा अंत २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं झाला होता. त्याच मजकुरांत त्यांच्या नांवापुढें बंगालमधील सेरामपूरचें नांव अपभ्रष्ट रूपांत आढळतें. वास्तविक त्यांचें माहेर कल्याणचें. सेरामपूर हें परदेशीं जाण्यापूर्वीं पतीच्या नोकरीमुळें झालेल्या वास्तव्याचें ठिकाण. ज्याच्यापाशीं हें एकच चित्र असेल तो आनंदीबाईंस बंगालच्या ठरवील, आणि आपण लेखी पुराव्यावरून बोलत आहों असें त्यास वाटेल.

याच उदाहरणांत आणखी दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. आनंदीबाईंचें माहेरचें नांव यमुना. ज्या समाजांत विवाहाबरोबर मुलीचें नांव बदलत असे, तेथें चित्राखालीं सासरचें एकच नांव लिहिणें म्हणजे माहेरच्या कागदांशीं तिचा संबंध तोडणें होय. दोन्ही नांवें दिलींच पाहिजेत. दुसरी गोष्ट अशी कीं, घराण्याचा इतिहास नेहमीं घराण्यापाशींच असतो असें नाहीं. आनंदीबाईंची रक्षा अमेरिकेंत त्यांच्या आश्रयदात्या थिऑडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यांत आली, व न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथें त्या कुटुंबाच्या दफनभूमींत त्यांच्या नांवाची शिला आहे. त्यांचें इंग्रजी चरित्र कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईनें लिहिलें व तें १८८८ सालीं बोस्टन येथें निघालें. गोत्राच्या कुंपणांत राहून शोध करणाऱ्यास यांतलें कांहींच सांपडणार नाहीं.

नांव चुकल्याचा परिणाम किती दूरवर जातो हें इतिहासाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. खुद्द शिवाजी महाराजांचें म्हणून एके काळीं जें चित्र घरोघर फिरत होतें तें इब्राहिमखान नामक एका भलत्याच गृहस्थाचें होतें, वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं महाराजांचें विश्वसनीय चित्र डच साधनांच्या आधारें पुढें मांडलें, तेव्हां तो घोटाळा मिटला. जेथें छत्रपतींच्या चित्राची ही गत, तेथें एखाद्या तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या कारकुनाच्या चित्राची काय कथा! म्हणून कोणत्याहि छायाचित्राखालीं नुसतें नांव देऊं नये. तें नांव कोणीं सांगितलें, सांगणाऱ्याचें त्या व्यक्तीशीं नातें काय, त्यानें तिला प्रत्यक्ष पाहिलें होतें कीं ऐकून सांगितलें, आणि केव्हां सांगितलें, एवढें अवश्य द्यावें. जेथें शंका असेल तेथें शंका छापावी. शंका छापल्यानें घराण्यास उणेपणा येत नाहीं.

आतां मृत्युलेख. मराठी वर्तमानपत्रांचा आरंभ ‘दर्पण’ पत्रापासून, म्हणजे ६ जानेवारी १८३२ पासून धरतात. पुढें ‘ज्ञानोदय’ १८४२ सालीं, ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ सालीं, ‘दीनबंधु’ १८७७ सालीं व ‘केसरी’ १८८१ सालीं निघाला. कोणाच्या निधनाची वार्ता कोणत्या पत्रांत येई, हा येथें पहिला प्रश्न आहे. कुलवृत्तान्तकार बहुधा ‘केसरी’च्या फायली चाळून थांबतो. परंतु सत्यशोधक मंडळींचीं घराणीं ‘दीनबंधूं’त व ख्रिस्ती घराणीं ‘ज्ञानोदयां’त शोधलीं पाहिजेत, एका पत्रांत उल्लेख नाहीं म्हणजे त्या माणसाचें सार्वजनिक जीवन नव्हतें, असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें आहे.

दुसरा प्रश्न लेखकाचा. टिळकांनीं आगरकर, रानडे व गोखले यांच्या निधनानंतर ‘केसरीं’त लेख लिहिले, तिघांशींहि त्यांचे तीव्र मतभेद होते हें ठाऊक असल्यामुळें त्या लेखांतील प्रत्येक शब्दाचें वजन आपणांस करतां येतें. घरगुती मृत्युलेखाच्या बाबतींत ही सोय नसते. तो जांवयानें लिहून पाठविला, स्नेह्यानें लिहिला, कीं संपादकानें स्वतः लिहिला, हें कळल्यावांचून ‘मनमिळाऊ’, ‘परोपकारी’, ‘कर्तव्यदक्ष’ या विशेषणांची किंमत शून्य होय. अशीं विशेषणें बाजूस सारून नोकरीचें खातें, बदलीचीं गांवें, मागें राहिलेल्या मुलांची संख्या, अंत्यविधीचें ठिकाण, एवढेच तपशील वेंचावे. स्तुति करणारास ते खोटे सांगण्याचें विशेष कारण नसतें.

तिसरा प्रश्न वयाचा व तारखेचा. न्यायमूर्ति रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा व मृत्यु १६ जानेवारी १९०१ चा. एकुणसाठ वर्षें पुरीं होण्यास दोन दिवस कमी होते. अशा ठिकाणीं एकानें वय ५८ लिहिलें व दुसऱ्यानें ‘५९ व्या वर्षीं’ असें लिहिलें तर दोघेहि बरोबर ठरतात. वजाबाकी करून जन्मसाल काढणारा मात्र एका वर्षानें फसतो. शकाचीहि तीच गोष्ट. शकांत ७८ मिळविले म्हणजे इसवी सन होतो, हें सूत्र सर्वांस पाठ असतें. परंतु नवा इसवी सन लागल्यापासून पुढील वर्षप्रतिपदेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. १९०१ चा जानेवारी शके १८२२ मध्यें पडतो. ही एका वर्षाची चूक पोटांत घेऊन कित्येक जन्ममृत्यूच्या तारखा ग्रंथांतून ग्रंथांत जात असतात.

चौथा प्रश्न मरणाच्या कारणाचा. १८९६ सालीं मुंबईंत व पुढच्या सालीं पुण्यांत प्लेग आला, तेव्हां घरांची झडती व रोग्यांस वेगळें काढणें यांच्या धास्तीनें लोक दुखणीं व मृत्यु लपवीत असत. सावित्रीबाई फुले यांचा अंत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां प्लेगनें, १० मार्च १८९७ रोजीं झाला, हें सर्वश्रुत आहे; पण त्याच दिवसांत ‘अल्पशा तापानें’ वारलेल्या माणसांच्या वार्ता वाचतांना त्या तापाविषयीं साशंक राहणेंच योग्य. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीस लोक मानमोडी म्हणत. त्या वर्षाच्या अखेरीस एकाच घरांत पाठोपाठ मृत्यु झालेले दिसले तर वंशवेलींतील ती एकाएकीं आलेली पोकळी दैवयोग म्हणून सोडून देऊं नये.

पांचवा प्रश्न स्त्रियांचा, व तो सर्वांत कठीण. जुन्या पत्रांत स्त्रीच्या मृत्यूची वार्ता आली तरी ती अमक्याची पत्नी वा अमक्याची मातोश्री म्हणून येते. तिचें स्वतःचें नांव नसतें. हा दोष वर्तमानपत्राचा. पण कुलवृत्तान्तकार तें कात्रण जसेंच्या तसें छापतो व नांव शोधण्याचे कष्ट घेत नाहीं, हा दोष त्याचा. श्राद्धाच्या वेळीं आई, आजी व पणजी यांचा नांवानें उच्चार करावा लागतो. तीं नांवें पुष्कळ घरांत अजून कोणाच्या तरी स्मरणांत किंवा वहींत आहेत. तीं विचारलीं जात नाहींत एवढेंच.

कात्रणांविषयीं थोडक्यांत सांगूं. ‘केसरी’ साप्ताहिक असतांना मंगळवारीं निघे. त्यांतल्या वार्तेंत ‘गेल्या शनिवारीं’ असें असलें तर तो शनिवार कोणता हें अंकाच्या तारखेवरूनच कळणार, आणि नेमकी ती तारीख पानाच्या डोक्यावर असल्यामुळें कात्रीबाहेर राहते. पत्राचें नांव, तारीख व पृष्ठ नसलेलें कात्रण निनांवी पत्रासारखें असतें. त्यावर फार तर तर्क करावा. तथापि असें कात्रण हातीं आलें म्हणून निराश होऊं नये. त्याच्या पाठीमागें बहुधा एखादी जाहिरात, नाटकाची वर्दी किंवा बाजारभाव असतो, व त्यावरून अंक हुडकतां येतो. १८६७ च्या कायद्यान्वयें प्रत्येक पत्रावर मुद्रक व प्रकाशक यांचीं नांवें छापणें आवश्यक झालें. ती ओळ चुकून कात्रणावर राहिली असेल तर छापखान्यापर्यंत पोंचतां येतें. कुलवृत्तान्तांत मात्र कात्रणाची मागची बाजू आम्हांस कधीं दिसली नाहीं, कारण तें चिकटवहींत डिंकानें डकविलेलें असतें.

या सर्वांवर एक उत्तर नेहमीं मिळतें, व त्यांत तथ्यांश आहे. कुलवृत्तान्त हा न्यायालयांतील पुरावा नव्हे. घरच्या माणसांनीं घरच्या माणसांसाठीं, पदरचे पैसे घालून, प्रेमानें केलेला तो ग्रंथ आहे. त्यास संशोधकाचीं मापें कशास लावावीं? या ग्रंथांचें ऋण आम्हांस पूर्ण मान्य आहे. कोणत्याहि सरकारी दप्तरांत नसलेली माहिती त्यांनीं राखली. परंतु घरचीं माणसें म्हणजे केवळ आजचीं नव्हेत. पन्नास वर्षांनीं जो वंशज हा ग्रंथ उघडील त्याच्यापाशीं मूळ चित्र नसेल, तें ओळखणारा माणूस नसेल, आणि ग्रंथांत छापलें तेंच त्यास प्रमाण होईल. त्याला चुकीचा चेहरा पणजोबा म्हणून दाखविण्यांत प्रेम कोणतें?

मूळ साधनें कायम राहतील या भरंवशावर विसंबतां येत नाहीं. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ सालीं पश्चिम व दक्षिण महाराष्ट्रांत जी जाळपोळ झाली तींत पुष्कळ ब्राह्मण घरें जळालीं. घराबरोबर कागद व तसबिरीहि गेल्या. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांतील नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या, तेव्हां माळ्यावर न ठेवलेलें सर्व भिजलें. आजचा धोका शांतपणें येतो. चित्राची फोनवर प्रत घेतली म्हणजे चित्र राखलें असें लोकांस वाटतें. परंतु एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जातांना चित्र पुष्कळदां दाबून लहान केलें जातें व त्यांतील नोंदी गळून पडतात. पाठीमागचा मजकूर तर घेतलेलाच नसतो. इकडे प्रत फिरते म्हणून मूळ पुठ्ठा वाडा पाडतांना रद्दींत जातो.

यास्तव कुलवृत्तान्तकारांस आमच्या सूचना अशा आहेत. प्रत्येक छायाचित्राची प्रत पुठ्ठ्यासकट, पुढून व मागून घ्यावी. समूहचित्र अखंड छापावें व डावीकडून क्रमानें नांवें द्यावीं. ज्यांचीं नांवें कळत नाहींत त्यांच्या जागीं तसें लिहावें, त्यांस वगळूं नये. मूळ चित्रावर शाईनें कांहीं लिहूं नये. मागच्या कडेस मऊ पेन्सिलीनें हलकेंच क्रमांक घालून माहिती वेगळ्या वहींत लिहावी. कात्रणाबरोबर संपूर्ण पानाची प्रत ठेवावी, आणि वर्तमानपत्राचा कागद लांकडाच्या लगद्याचा असल्यामुळें तो पिंवळा पडून तुटतो म्हणून चांगल्या कागदावरहि एक प्रत करावी. चिकटपट्टी कशासहि लावूं नये. ग्रंथाच्या शेवटीं या साधनांची सूचि देऊन कोणतें मूळ कोणाच्या घरीं आहे तें नमूद करावें, व एक प्रतिसंच एखाद्या संशोधन संस्थेंत ठेवावा.

यांतील बहुतेक कामें सावकाश करतां येतील. एक काम मात्र थांबणारें नाहीं. चित्रांतील माणसें ओळखणारीं नव्वदीच्या घरांतलीं माणसें, विशेषतः घरांतील वृद्ध स्त्रिया, आज हयात आहेत. त्यांस वंशवेलीच्या कामीं कोणीं विचारलें नव्हतें. कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ति काढण्याचें ज्यांच्या मनांत असेल त्यांनीं वर्गणीचीं पत्रें धाडण्यापूर्वीं चित्रांची पेटी घेऊन त्यांच्यापाशीं जाऊन बसावें, व त्या जें सांगतील तें त्यांच्या नांवानिशीं व तारखेनिशीं लिहून घ्यावें.